राज्याचा दाखला आणि रक्ताचा दाखला

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपला आहे, पंगतीला अजून अवकाश आहे, आणि मधला वेळ कोणाच्या तरी व्याख्यानाने भरून काढावयाचा ही आपल्या संमेलनांची जुनी रीत आहे. ह्या वेळी ती कामगिरी आमच्याकडे आली. "राज्य कशाने ठरते, आणि वंशाचा त्याच्याशी संबंध काय?" असा भारदस्त विषय कार्यकारी मंडळाने आम्हांस दिला. ज्ञातीच्या मेळाव्यात राज्यशास्त्र कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. आमच्याही आले होते. परंतु विषयाचा विचार करू लागलो तेव्हा मंडळाच्या दप्तरातील एक अर्ज वारंवार डोळ्यांपुढे येऊ लागला. म्हणून आधी त्या अर्जाविषयी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या शिक्षणनिधीकडे एका मुलीचा अर्ज आला. आई आपल्या ज्ञातीतील, वडील परज्ञातीय. गुण उत्तम, परिस्थिती बेताची. निधीच्या नियमांत 'ज्ञातीय पित्याचे अपत्य' असे शब्द आहेत; त्यावर बोट ठेवून अर्ज नामंजूर झाला. त्याच बैठकीत एका मुलास साह्य मंजूर झाले. त्याची आई परज्ञातीय, वडील मात्र आपले. दोन्ही ठरावांस हात वर करणाऱ्यांत आम्ही होतो. नियमाप्रमाणे चुकले काहीच नव्हते. तरी घरी जाताना मनास स्वस्थता नव्हती, हे आज कबूल केले पाहिजे.

आता विषय. राज्य म्हणजे काय? दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशाच्या माँटेव्हिडिओ ह्या राजधानीत १९३३ च्या डिसेंबरात अमेरिका खंडातील राष्ट्रांची एक परिषद भरली आणि तीत झालेल्या कराराच्या पहिल्याच कलमात राज्याची लक्षणे सांगितली गेली. कायम वस्ती करणारी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन, आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता, अशी ती चार लक्षणे. करार करणारी राज्ये मोजकी होती. परंतु राज्य कशास म्हणावे असा वाद उपस्थित झाला की जगभरचे कायदेपंडित आजही ह्याच कलमाकडे वळतात. त्या लोकसंख्येची भाषा कोणती, धर्म कोणता, नाक कसे, रंग कोणता, ह्याविषयी त्या कलमात एक अक्षर नाही.

आपल्याकडचे जुने प्रमाण पाहावयाचे तर कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. जनपदात भूमी आली आणि तीवर राहणारे लोकही आले. जनपद कसे असावे ह्याचे वर्णन अर्थशास्त्रात आहे. जमीन कसदार असावी, पाणी असावे, लोक कष्टाळू असावेत. चातुर्वर्ण्य मानणारा तो ग्रंथकार. परंतु सर्व प्रजा एका पूर्वजापासून झालेली असली पाहिजे, अशी अट त्यानेही घातली नाही. अनेक जातींच्या, अनेक कुळांच्या, अनेक बोलींच्या लोकांवर राज्य चालते हे त्यास इतके उघड दिसत होते की त्याचा वेगळा उल्लेख करण्याचे कारणच पडले नसावे.

मग राज्य आणि वंश ह्यांची गाठ पडली कोठे? आमच्या मते निम्मा घोटाळा शब्दांचा आहे. राज्य म्हणजे शासनाची व्यवस्था. राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असे मानणारा समाज. फ्रेंच पंडित एर्नेस्त रेनाँ ह्याने १८८२ मध्ये पॅरिसच्या सॉर्बॉन विद्यापीठात राष्ट्र ह्या विषयावर व्याख्यान दिले, तेव्हा वंश, भाषा, धर्म, भूगोल ही एकेक कसोटी त्याने उचलून पाहिली आणि बाजूला ठेवली. सामायिक स्मृती आणि एकत्र राहण्याची इच्छा एवढेच त्याच्या हाती उरले. वंश ह्या शब्दाने तर आपल्याकडे फारच गोंधळ केला आहे. सूर्यवंश म्हणताना आपण राजघराणे समजतो, वंशाचा दिवा म्हणताना मुलगा समजतो, आणि इंग्रजी पुस्तकातून आलेला 'आर्यवंश' हा शब्द उच्चारताना एक संपूर्ण मानवजात समजतो. तिन्ही अर्थ मनात एकमेकांत मिसळतात आणि मग एखाद्या घराण्याचा अभिमान हळूच शास्त्राचा झगा चढवून येतो.

ह्याखेरीज चौथी एक गोष्ट आहे. एक बोली, एक स्वयंपाक, एक देवदेवता, आणि आपले मूळ एक असल्याची समजूत ह्यांनी बांधलेला लोकसमूह. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर ह्याने अशा समूहाचे लक्षण सांगताना भर रक्तावर न देता मूळ एक असल्याच्या विश्वासावर दिला. प्रत्यक्षात रक्ताचे नाते असो वा नसो. हा भेद आज पुढे अनेकदा लागणार आहे.

आपल्या देशात हा विश्वास मोजपट्टी लावून सिद्ध करण्याचा उद्योग एकदा झालेला आहे, आणि आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या वाढीशी त्याचा निकट संबंध आहे. हर्बर्ट रिस्ले नावाचे इंग्रज सनदी अधिकारी होते. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, असा एक अंक काढून त्यांनी बंगालमधील जातीजमातींची मोजदाद केली आणि १८९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांचा सिद्धान्त असा की, जातीचे सामाजिक स्थान जितके उच्च तितके तिचे नाक सरासरीने निमुळते. १९०१ च्या जनगणनेचे तेच आयुक्त होते. त्या वेळी प्रत्येक प्रांतात जातींची सामाजिक उच्चनीचतेप्रमाणे यादी करण्याचा घाट घातला गेला. मग काय विचारता! आपली जात खालच्या रकान्यात गेली म्हणून ठिकठिकाणच्या ज्ञातिसभांनी अर्जांचा पाऊस पाडला. वंशावळी, ताम्रपट, शास्त्र्यांची मते गोळा झाली. पुढील जनगणनांतही तो चालूच राहिला. देशातील पुष्कळ ज्ञातिसंस्थांच्या जुन्या दप्तरांत अशा अर्जांच्या नकला सापडतील. शिक्षण, वसतिगृहे, अनाथ-विधवांना साह्य ही आपल्या संस्थांची उजवी बाजू होय. सरकारच्या यादीत वरची जागा मागणे हीही तिचीच एक बाजू होती, हे विसरून चालणार नाही.

रिस्ले ह्यांच्या नाकाचे पुढे काय झाले? मालवणास जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची परंपरा उभी करणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तेच आकडे पुन्हा मांडले आणि उत्तर हिंदुस्थानाचा काही भाग सोडल्यास हा ताळा बसत नाही असे दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यतेवरील ग्रंथात ह्याच मोजमापांचा आधार घेऊन, अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे होत ह्या मताचे खंडन केले. डॉ. इरावती कर्वे व त्यांचे सहकारी मल्होत्रा ह्यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ ब्राह्मण ज्ञातींची शरीरमापनाने तुलना केली. नाव एक आणि दर्जा एक म्हणून शरीरेही एकाच मुळाची असतील हा समज त्या तुलनेपुढे टिकला नाही.

अलीकडे मोजपट्टीची जागा जनुकशास्त्राने घेतली आहे. २०१३ मध्ये भारतीय व परदेशी संशोधकांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात ह्या देशातील निरनिराळे लोकसमूह एकमेकांत भरपूर मिसळले. आज ज्यांना आपण उच्च वा नीच, वनवासी वा नागर म्हणतो, त्या बहुतेक सर्वांत ही मिसळण आहे. नंतर मात्र लग्ने आपापल्या गटात होऊ लागली आणि मिसळण थांबली. म्हणजे ज्ञाती वेगळ्या रक्ताने जन्मल्या आणि म्हणून त्यांनी लग्ने वेगळी ठेवली, असा क्रम दिसत नाही. लग्नाची कुंपणे आधी पडली. रक्तात जो काही थोडा फरक मुरला तो कुंपणामागून. हे वाक्य आम्ही जाणूनबुजून संथपणे उच्चारतो आहोत, कारण आमच्या पिढीस घरी शिकविलेले ह्याच्या नेमके उलट होते.

इथपर्यंत झाले ते समाजाचे. राज्यच जेव्हा वंशाचा दाखला मागू लागते तेव्हा काय होते, हे पाहावयास आम्ही आपणांस परक्यांच्या घरी नेणार नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, ज्यांचे बालपण गेले त्यांना शनिवार तेली ठाऊक असतील. तेलाचा घाणा चालविणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी म्हणजेच बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावे. भाषा मराठी, नेसण लुगडे, गळ्यात मंगळसूत्र. त्यांच्यापैकी सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. ह्याच समाजातील डॉ. इलायजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. वरळीकडे जाणाऱ्या रस्त्यास त्यांचे नाव आहे. आमच्या लहानपणी आमच्या आळीच्या टोकास ह्या समाजाचे एक घर होते. मलिद्याचा नैवेद्य झाला की पोहे, गूळ, खोबरे आणि फळे घातलेले ताट आमच्याकडे येई आणि आमची आजी ते ओट्यावरून घेऊन, मनात काय असेल ते असो, आम्हा मुलांस वाटून टाकी. एका वर्षी ते घर बंद झाले. मंडळी 'मुलकाला' गेली, एवढेच आम्हांस सांगण्यात आले.

तो मुलूख म्हणजे इस्राएल. १४ मे १९४८ रोजी हे राज्य घोषित झाले. माँटेव्हिडिओच्या चार लक्षणांपैकी भूप्रदेशाच्या सीमा तेव्हा युद्धात सापडलेल्या होत्या, तरी १९४९ च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रसंघाने त्यास सभासद करून घेतले. सीमारेषा वादग्रस्त असली तरी राज्य असू शकते हे तेथे स्पष्ट झाले. भारताने १९५० मध्ये मान्यता दिली. पूर्ण राजनैतिक संबंध मात्र १९९२ मध्ये जुळले. जुलै १९५० मध्ये त्या राज्याने परतीचा कायदा केला: जगातील कोणत्याही यहुदी माणसास येथे येऊन राहण्याचा हक्क आहे. युरोपात लाखो यहुद्यांचा संहार नुकताच झाला होता आणि ज्यांना कोणतेही राज्य दारात उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी एक दार कायमचे उघडे ठेवावे, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. त्याच भूमीतील जे अरब १९४८ च्या युद्धात परागंदा झाले त्यांना परतीचा असा हक्क मिळाला नाही, हेही त्याच क्षणी सांगितले पाहिजे. नाहीतर आमचे सांगणे एकांगी होईल.

ह्या कायद्यात यहुदी कोण, ह्याची व्याख्याच नव्हती. अडचण तेथून सुरू झाली. पोलंडमध्ये यहुदी आईबापांच्या पोटी जन्मलेले ओस्वाल्ड रुफाइझेन हे महायुद्धाच्या काळात प्राणावर उदार होऊन अनेक यहुद्यांना वाचविणारे गृहस्थ. लपून राहिले असता त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते ब्रदर डॅनिएल ह्या नावाने मठवासी झाले. इस्राएलला येऊन त्यांनी परतीच्या कायद्याखाली नागरिकत्व मागितले. १९६२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. आईबाप निःसंशय यहुदी असूनही ज्याने दुसरा धर्म घेतला त्यास ह्या कायद्यापुरते यहुदी म्हणता येत नाही, असा तो निर्णय. पुढे त्यांना सामान्य परदेशीयाप्रमाणे रीतसर नागरिकत्व मिळाले.

आणि त्याच १९६२ साली, कोकणातून गेलेल्या आपल्या शेजाऱ्यांवर उलटा प्रसंग आला. नागरिकत्व त्यांना मिळालेले होते, मताचा हक्क होता, मुले लष्करात भरती होत होती. अडले ते लग्नापाशी. इस्राएलमध्ये यहुद्यांची लग्ने १९५३ च्या कायद्याने धर्मपीठाच्या अखत्यारीत आहेत. हे लोक शतकानुशतके इतर यहुद्यांपासून दूर राहिले. घटस्फोटाचे धर्मशास्त्र त्यांना अवगत नव्हते. मधल्या काळात परक्यांशी विवाह झाले असतील, अशी शंका काही धर्माधिकाऱ्यांनी काढली. धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्राएल वधू वा वर इतर यहुद्याशी लग्न करू इच्छील तर त्याची आई, आईची आई, तिची आई, अशी जितके मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. खोपोली-पेण-अलिबागकडील एखाद्या पणजीचा दाखला आणावा कोठून? शनिवार पाळणे, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढ्या शिदोरीवर ज्या समाजाने आपले वेगळेपण किनाऱ्यावर टिकविले, त्यास आता कागद दाखविण्यास सांगण्यात आले.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. एकाचे रक्त निर्विवाद. त्यास धर्माने नाकारले. दुसऱ्यांचा धर्म निर्विवाद. त्यांना रक्ताबद्दल विचारले. एकाच राज्यात, एकाच वर्षी. मोजण्याचे माप एकच असते तर असे झाले नसते.

बेने इस्राएल मुकाट्याने बसले नाहीत. ह्यापूर्वी, १९५१-५२ मध्ये, वर्णामुळे आपणांस कमी लेखले जाते अशी तक्रार करून त्यांच्यापैकी काहींनी धरणे धरले होते आणि काही कुटुंबे भारतात परतही आली होती. १९६४ च्या उन्हाळ्यात तर शेकडो स्त्रीपुरुष मुलाबाळांसह जेरुसलेमात धरणे धरून बसले. सत्याग्रहाचा वारसा येथूनच गेला असेल काय, असा मोह आम्हांस होतो. पुराव्याशिवाय तसे म्हणणार नाही. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये त्यांच्या संसदेने ठराव केला की, भारतातील बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी होत, त्यांचे हक्क समान होत आणि त्यात विवाहादी बाबीही आल्या. धर्मपीठाने फर्मानातून त्या समाजाचे नाव काढले. चौकशीची तरतूद 'ज्यांच्या कुळाविषयी संशय आहे' अशा मोघम शब्दांत मागे राहिली.

आता ह्या कथेचा जो भाग सहसा सांगत नाहीत तो सांगतो. ज्यांच्या पणज्यांची चौकशी झाली त्या बेने इस्राएलांत, येथे कोकणात असताना, 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भेद होते. परज्ञातीय स्त्रियांपासून झालेली संतती ती काळी, असे गोरे म्हणत. लग्नसंबंध होत नसत. तो भेद पुढे पुसट होत गेला. परंतु जेरुसलेमच्या धर्माधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न अलिबागच्या वाडीत पूर्वीच विचारून झालेला होता. त्यांनी तो येथल्या शेजाऱ्यांकडून उचलला, म्हणजे तुमच्या-आमच्या वाडवडिलांकडून, असे आम्हांस वाटते.

जनुकशास्त्रज्ञांनी ह्या समाजाचाही अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनाप्रमाणे बेने इस्राएलांत मध्यपूर्वेकडील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरघोस आहेत. ही मिसळण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची असून तीत यहुदी वाटा पुरुषांकडून अधिक व भारतीय वाटा स्त्रियांकडून अधिक आला. आईकडून कूळ मोजणाऱ्या नियमास हा निष्कर्ष अडचणीचा. बापाकडून मोजणाऱ्यास सोयीचा. रक्त तेच. कोणत्या बाजूने मोजावयाचे हे ठरविणारा नियम रक्तात सापडत नाही. तो माणसांनी सभा भरवून केलेला असतो. इस्राएलनेही तो १९७० मध्ये असाच केला. बेन्यामिन शालित नावाच्या नौदल अधिकाऱ्याची पत्नी यहुदी नव्हती. मुलांच्या नोंदीचा वाद न्यायालयात गेला आणि जानेवारीत पाच विरुद्ध चार मतांनी तो त्याच्या बाजूने सुटला. दोन महिन्यांत संसदेने कायदा बदलून ठरविले की, यहुदी म्हणजे यहुदी आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतरित, आणि अन्य धर्माचा नसलेला. मात्र त्याच दुरुस्तीने यहुद्यांची मुले, नातवंडे व त्यांचे जोडीदार ह्यांनाही, ते यहुदी नसले तरी, येऊन राहण्याचा हक्क दिला. मतांची ती मोजणी पाहिली की न्यायाधीशांतही ह्या प्रश्नावर किती कमी अंतर होते ते कळते.

वंशावर राज्य उभारण्याचा सर्वांत भयानक प्रयोग जर्मनीत झाला. त्याविषयी विस्तार करीत नाही. एकच गोष्ट सांगतो. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मन रक्ताचे रक्षण करण्याची घोषणा केली, परंतु यहुदी रक्त ओळखण्याची कोणतीही शारीरिक खूण त्यांच्या शास्त्रज्ञांस सापडेना. तेव्हा व्याख्या केली ती अशी: चार आजी-आजोबांपैकी तिघे वा चौघे यहुदी असतील तो यहुदी, आणि आजोबा यहुदी की नाही हे त्यांची नोंद यहुदी धर्मसमाजात होती की नाही ह्यावरून पाहावे. एवढी रक्ताची गर्जना, आणि शेवटी उघडली ती धर्मसंस्थेची वही.

आपल्या राज्यघटनेने हा मार्ग घेतला नाही. १९५० मध्ये ती अमलात आली तेव्हा पाचव्या कलमाने येथे अधिवास असलेल्या आणि येथे जन्मलेल्या, किंवा ज्यांच्या आईबापांपैकी एक येथे जन्मला, किंवा जे निदान पाच वर्षे येथे राहिले, त्यांना नागरिक मानले. पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्या कारणांवरून भेदभाव करण्यास राज्यास मनाई आहे. वंश आणि जात हे दोन शब्द तेथे शेजारी असून वेगवेगळे आहेत, हे ध्यानात घ्यावे. १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने वांशिक भेदभावाविरुद्ध करार केला तेव्हा त्यात 'कुलपरंपरा' हा शब्द भारताच्याच सूचनेवरून घातला गेला. पुढे त्यात जातीचा समावेश होतो काय ह्यावर त्या कराराची समिती होय म्हणाली आणि आपले सरकार नाही म्हणत राहिले. तो वाद वकिलांवर सोडू.

परंतु आपल्याकडेही जन्मभूमीकडून जन्मदात्यांकडे काटा सरकला आहे. १ जुलै १९८७ च्या पूर्वी ह्या भूमीत जन्मलेल्यास, थोडे अपवाद सोडता, तेवढ्यावरच नागरिकत्व होते. त्या तारखेपासून आईबापांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दुसराही बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे अशी अट आली. ह्या बदलांची कारणे आहेत, सीमेवरील स्थलांतराचा प्रश्न खोटा नाही. तरीही आईबापांचा कागद मागण्याची सवय एकदा लागली की ती कोठे थांबते हे कोणी सांगावे? ज्याच्या बापाचा जन्म एखाद्या पाड्यावर, नोंदीशिवाय झाला, त्याचे हाल प्रथम होतात.

२०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे जाहीर केले आणि लगेच आपल्या मंडळाकडे फोन येऊ लागले: रकान्यात काय लिहावयाचे, मूळ नाव की पोटनाव, कोणत्या नावाने संख्या जास्त भरेल. ह्यात गैर काही नाही. कोण किती मागे राहिले हे राज्यास कळावयाचे तर मोजणे आलेच. फक्त १९०१ चे अर्ज आम्हांस आठवतात. गणना ही साह्यासाठी असते. ती आपल्या शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे. परवा एका उत्साही तरुणाने सुचविले की, सभासदांच्या लाळेची तपासणी करून मूळस्थान शोधावे आणि ते पुढील स्मरणिकेत छापावे. त्याच्या उत्साहाचे कौतुक. परंतु अहवाल आल्यावर निम्म्या घरांत काय गहजब होईल, ह्या विचाराने आम्हांस हसूही आले.

आता पुन्हा आपल्या वहीकडे. राज्य सोडावयाचे तर माणसास देश सोडावा लागतो. ज्ञातिमंडळ सोडण्यास वर्गणी न भरणे पुरते. आपली संस्था राज्य नाही. तिला न सेना, न सीमा. एखाद्या समूहाने आपले सभासद कोण हे ठरवावे ह्यात काही पाप नाही, आणि ज्ञाती म्हणजे मूळ एक असल्याचा विश्वास बाळगणारा समूह असेल तर त्या विश्वासावर आमचाही जीव आहे. नाहीतर ह्या वयात रेल्वेने दोनशे मैल येऊन आम्ही येथे उभे राहिलो नसतो. आमचे म्हणणे एवढेच की, आपला नियम रक्तावर आधारलेला आहे असे आपण स्वतःस सांगतो ते खरे नव्हे. रक्तावर असता तर मुलीच्या मुलीत ते मुलाच्या मुलाइतकेच आहे. आईकडचे रक्त काही निम्म्या वाटेत गळून पडत नाही. 'ज्ञातीय पित्याचे अपत्य' हे शब्द आपल्या आजोबांनी, कोणत्या तरी सभेत, बहुमताने घातलेले आहेत. त्या सभेत एकही स्त्री सभासद नव्हती. जुने इतिवृत्त आम्ही काढून पाहिले आहे.

काही ज्येष्ठांची भीती आम्हांस ठाऊक आहे. मुलींच्या मुलांना घेतले तर पुढे ज्ञाती राहील काय? आम्हांस वाटते, ज्या घरी मुलगी आपल्या लेकरास आजोळची बोली, आजोळचे कुलाचार आणि आजोळचे पदार्थ शिकविते, त्या घरी ज्ञाती आहे. नाव वहीत असून ज्या घरी ह्यापैकी काहीच उरलेले नाही, अशी घरे ह्या मंडपात किती आहेत हे प्रत्येकाने मनाशी मोजावे. तरी भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. बेने इस्राएल समाज भारतात आता काही हजारच उरला. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा कोकणातील कितीतरी गावांतील त्यांची घरे बंद होऊन दशके लोटली होती. उलट इस्राएलमध्ये त्यांच्या घरी मलिदा होतो, मराठी बोलली जाते. लहान समाजास आपण विरून जाऊ असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच हा निर्णय आम्ही एकट्याने सांगू नये, सभेने करावा.

आज दुपारी तीन वाजता सर्वसाधारण सभा आहे. कार्यक्रमपत्रिकेवरील चौथी सूचना 'ज्ञातीय पित्याचे' ह्या शब्दांऐवजी 'ज्ञातीय पित्याचे अथवा मातेचे' असे शब्द घालावेत अशी आहे. सूचना मांडणाऱ्या भगिनी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. अनुमोदक म्हणून आमचे नाव आहे. ज्या मुलीचा अर्ज आपण नाकारला ती कर्ज काढून शिकली आणि गेल्या जूनमध्ये नोकरीस लागली. तिची धाकटी बहीण ह्या वर्षी बारावीस आहे, आणि निधीकडे अर्ज करण्याची मुदत महिनाअखेरीस संपते.